आयर्लंडच्या स्थळाची कतारमध्ये चौकशी

मी कतारला फिरायला गेले नव्हते, चौकशीला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण सिन्नरला परतल्यापासून आमच्या गल्लीतल्या बायका मला उंट किती पाहिले ते विचारतात. उंट मी एकच पाहिला, तोही टेम्पोत बसून कुठेतरी चालला होता. मला पाहायचा होता तो माणूस आयर्लंडचा होता, दारातून वाकून आत येण्याएवढा उंच होता, आणि माझ्या भाचीला त्याच्याशी लग्न करायचं होतं.

अश्विनी ही माझ्या थोरल्या भावाची, दादाची, तिसरी मुलगी. वाढली मात्र माझ्याकडे. इंजिनीअर झाली आणि वर्ल्ड कपची स्टेडियमं बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे दोह्याला लागली. काम काय, तर उघडं मैदान थंड ठेवायची यंत्रं. वर छप्पर नाही आणि आत एसी, हे ऐकलं तेव्हापासून माझा त्या देशावर संशय होता. तिथेच हा डेक्लन तिला भेटला. दादाने ऐकून दोन दिवस जेवण टाकलं, मग मला म्हणाला, "सुमन, तू जाऊन बघून ये. तू हो म्हणालीस तर माझं हो." अश्विनीही फोनवर म्हणाली, "आत्या, तू नाही म्हणालीस तर मी पुढे जाणार नाही." म्हणजे दोघांनी मिळून धोंडा माझ्या डोक्यावर ठेवला.

माझी शाळा सहावीत सुटली. ज्या पोरीने स्वतःच्या पगारातून मला विमानात बसवलं, खिडकीची जागा मागून घेतली, तिचं लग्न मी ठरवायचं किंवा मोडायचं, या विचाराने मला विमानात दिलेला भातही गेला नाही. पण चौकशी हे काम मला येतं. माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. स्थळ बघायला आलेली शहाणी माणसं मुलाच्या घरी जायच्या आधी गिरणीवर येतात. कुणाकडे गहू जातो आणि कुणाकडे नुसती बाजरी, दळण न्यायला कोण स्वतः येतं आणि कोण पोटुशा सुनेला पाठवतं, हे मला माहीत असतं. माणसाला त्याच्याबद्दल विचारायचं नसतं. त्याच्या आजूबाजूच्यांना विचारायचं असतं.

कतारमध्ये गिरणी कुठे शोधायची, हा प्रश्न होता.

बिन महमूद

अश्विनी दोह्यातल्या बिन महमूदमध्ये एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायची. खाली हॉटेलं, छोटी ऑफिसं, कपडे इस्त्री करणारा. वर मात्र सगळी दारं बंद. जिन्यात कुणी भेटलं तर हसायचं आणि लिफ्टकडे बघत राहायचं. अशा ठिकाणी कुणाची चौकशी कशी होणार? रस्ते उकरलेले होते. ऑफिसातून परतणारी गाडी रोज वेगळ्या वाटेने यायची, कारण काल होता तो रस्ता आज नसायचा. पाणी समुद्राचं गोड केलेलं असतं हे कळल्यावर मी ते उकळून, गाळून, पुन्हा उकळून पीत होते. काहीही अर्धवट दिसलं की सगळे म्हणायचे, वर्ल्ड कपपर्यंत होईल.

पहिल्याच सकाळी मी बाल्कनी बादलीभर पाण्याने धुतली. खालच्या फ्लॅटमधल्या माणसाचा पांढराशुभ्र लांब झगा दोरीवर वाळत होता. तो वर आला तेव्हा मला वाटलं, आता पोलीस. त्याने झगा दाखवला, मी हात जोडले, त्याने "खलास, खलास" म्हणत हात हलवला आणि गेला. संध्याकाळी त्याच्या घरून खजुराचा डबा आला. अश्विनी म्हणाली, घे. मी दोन दिवस उघडला नाही. झगा भिजवल्याबद्दल कुणी खजूर देतं का?

गिरणी मला तिसऱ्या दिवशी सापडली. साइटवरची गाडी अश्विनीला सोडायला यायची, तिचे ड्रायव्हर शिंदे म्हणून कराडकडचे निघाले. बायकामुलं गावाला, आणि ते इथे कामगारांच्या खोलीत. मी बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले.

"शिंदे, त्या डेक्लनसाहेबांना तुम्हीच नेता ना?"

त्यांच्या हातातला लाडू तोंडापाशीच थांबला. "का वो मावशी?"

"सहज. माणूस कसा आहे?"

"तुमाला कंपनीनं तर न्हाई ना पाठिवलं?"

"मी सिन्नरची आहे. मला कोण पाठवणार?"

"न्हाई, परवा पन एक जन असाच गोड बोलून इचारत व्हता. माझ्या नोकरीवर बेतायचं."

शेवटी मी खरं ते सांगितलं. मुलीचं स्थळ म्हटल्यावर शिंद्यांचा चेहरा बदलला. त्यांच्याही दोन मुली होत्या. लाडू संपवून ते गाडीला टेकून उभे राहिले.

"पितो का?" मी विचारलं.

"हितं कोन पीत न्हाई मावशी."

"म्हणजे पितो."

"म्या तसं बोललो न्हाई."

"रागीट आहे?"

"गाडीत बसला की झोपतो."

"दिवसा झोपतो? मग रात्री काय करतो?"

"अवो, पहाटं उचलतो की त्याला. झोपंल न्हाईतर काय." मग जरा विचार करून म्हणाले, "उतरताना शुक्रन म्हनायचा. म्या म्हनलं, सायेब, म्या मराठी हाय. तवापासनं धन्यवाद म्हनतो. लई वंगाळ म्हनतो, पन म्हनतो."

मी हे मनात ठेवलं. चांगलं म्हणून नव्हे. पोरीला पटवायला शिकला असेल, तर शिंद्यांनाही पटवेल.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, डेक्लन जेवायला आला. न सांगता त्याने दारात बूट काढले. कुणीतरी पढवलंय, हे मी ओळखलं. वरणभात खाल्ला, बटाट्याची भाजी तीनदा घेतली, चहा आमच्यासारखाच दूध घालून काळपट होईपर्यंत उकळलेला लागतो म्हणाला. लग्नाचं कधीपर्यंत, असं मी विचारलं तर म्हणाला, "इन्शाल्ला."

"हे काय उत्तर झालं?" मी अश्विनीला म्हटलं.

"आत्या, देवाची मर्जी, असं इथे सगळेच म्हणतात. प्लंबर कधी येणार विचारलं तरी."

"म्हणजे प्लंबर येत नाही."

तिने हे त्याला इंग्रजीत सांगितलं नाही, तरी तो हसला. हेही मला खटकलं.

मी मुद्द्यावर आले. घराणं कसलं, आजा कोण, पणजा कोण, घरात काही दुखणं, वेडेपण? अश्विनीने डोळे मिटून घेतले, पण विचारलं. मला वाटलं पोरगा वरमेल. तो उलट खुर्ची ओढून पुढे सरकला आणि बॅगेतून लॅपटॉप काढला. तो स्वतःच आपल्या घराण्याचा माग काढत होता म्हणे. त्यांच्याकडे पुष्कळ जणांना हा नाद आहे. आयर्लंडमधली एकोणीसशे एक आणि एकोणीसशे अकरा सालची जनगणना सरकारने घरोघरचे मूळ कागद लावून वेबसाइटवर फुकट ठेवली आहे. जन्म, लग्नं, मृत्यूंच्या जुन्या नोंदी दुसऱ्या ठिकाणी, चर्चमधल्या बारशांच्या वह्यांचे फोटो तिसऱ्या.

"कुणीही बघावं?" मी विचारलं.

"कुणीही."

"पासवर्ड नाही, काही नाही?"

"नाही."

इतक्या सहज जे मिळतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, एकोणीसशे एकच्या आधीचं दाखव. तो म्हणाला, ते जवळजवळ सगळं गेलं. काही सरकारनेच रद्दीत घातलं, आणि बरंच एकोणीसशे बावीस साली डब्लिनमधल्या लढाईत दप्तराची कचेरी पेटली त्यात जळालं.

मी अश्विनीकडे पाहिलं. कागद जळाले, हे मी चौकशीत किती वेळा ऐकलंय. ज्याची पत्रिका जुळत नसते त्याची पत्रिका नेमकी जळालेली असते.

"आत्या, ते खरंच जळाले. शाळेत शिकवतात त्यांना."

"असेल. पुढे."

त्याने क्लेअर जिल्हा निवडला, मग त्यांची वाडी. तिकडे गावाचेही तुकडे असतात, आपल्या शिवारासारखे, आणि दर तुकड्याला नाव असतं. त्यांच्या आडनावाची माणसं त्या भागात ढिगाने. नावंही तीच ती, मायकल, पॅट्रिक, जॉन, पुन्हा मायकल. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात तसंच.

"मग हाच मायकल तुमचा कशावरून?"

हा प्रश्न त्याला आवडला. वाडीच्या नावावरून, म्हणाला, आणि बायकोच्या नावावरून, आणि मुलांच्या क्रमावरून. एक गोष्ट जुळली तर सोडून द्यायची, तीन जुळल्या तर धरायची. हे मात्र मला पटलं. मीही तसंच करते.

आणि मग तो कागद उघडला. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण रकाने कळतात. अश्विनी वाचत गेली. घराला पुढून खिडक्या किती. छप्पर गवताचं की दगडी पाट्यांचं. खोल्या किती, गोठा आहे का, डुकरांचं खोपट आहे का. माणसांचा धर्म, वय, लिहिता-वाचता येतं का. शेवटच्या रकान्यात, कुणी मुकं, बहिरं, आंधळं किंवा वेडं आहे का. मी थक्क होऊन बसले. जे विचारायला आपण चार घरं फिरतो, चहा पितो, आडून आडून बोलतो, ते त्या सरकारने दारात उभं राहून सरळ विचारून ठेवलं होतं. त्यांचा शेवटचा रकाना कोरा होता. बघून घेतलं.

पण मायकल माझ्या तावडीत सापडला. एकोणीसशे एकमध्ये त्याचं वय अठ्ठावन्न. अकरामध्ये बहात्तर.

"हे बघ," मी बोट ठेवलं. "दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारा झाला. एकतर हा माणूस वेगळा, नाहीतर घराणं खोटं बोलणारं."

डेक्लन जोरात हसला. मधल्या काळात सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली होती. सगळा आयर्लंडच त्या दहा वर्षांत म्हातारा झाला म्हणे. मला हसू आवरलं नाही. आमच्या गल्लीत निराधार पेन्शनचे फॉर्म आले तेव्हा माझ्याहून लहान एक बाई माझ्याहून थोरली झाली, ती अजून खाली उतरलेली नाही. पण हसून झाल्यावर मी पुन्हा म्हटलं, "म्हणजे खोटं बोलणारंच."

"हो," डेक्लन म्हणाला. अश्विनीला भाषांतरही करावं लागलं नाही.

अल सद्द

संक्रांतीनंतर अल सद्दमध्ये पुण्याच्या एका वहिनींकडे हळदीकुंकू होतं. नवी मेट्रो त्याच दिवसांत सुरू झाली होती. अश्विनीने मला तीत बसवलं. गाडी ड्रायव्हरशिवाय चालते हे तिने उतरल्यावर सांगितलं, ते बरं केलं. वहिनींचं घर मोठं, काचेची कपाटं, मुलं आत व्हिडिओ गेम खेळत होती. मी मुलाला विचारलं, "तिळगूळ घेतलास का रे?" त्याला सगळं समजलं, आणि तो म्हणाला, "आय डोन्ट लाइक इट." वहिनी ओशाळल्या. मला उगाच वाटलं, अश्विनीची मुलं तर इतकंही समजून घेणार नाहीत.

बायका पांगल्यावर मी वहिनींना बाजूला घेतलं. अश्विनी स्वयंपाकघरात होती. लॅपटॉप डेक्लनचा, वाचणारी अश्विनी. दोघांनी मिळून मला हवं ते वाचून दाखवलं नसेल कशावरून? मी तिच्याकडून त्या वाडीचं नाव इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं, दादाला पाठवायचंय असं सांगून. ती चिठ्ठी वहिनींपुढे धरली.

"तुमच्या फोनवर हे उघडतं का बघा. आणि तुम्ही वाचा."

वहिनींनी चिठ्ठी घेतली. "आत्या, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या."

उघडलं. तेच घर, तीच माणसं. वहिनी चांगल्या सावकाश वाचत होत्या. एकोणीसशे एक. म्हातारा मायकल, त्याचा मुलगा पॅट्रिक, सून ब्रिजेट, नोरा वय तीन, जॉन वय एक. हा जॉन डेक्लनचा पणजा. मग अकरा साल. मायकल, पॅट्रिक, ब्रिजेट, जॉन, आणि त्याच्या पाठचे चौघे.

"नोरा?" मी विचारलं.

"नोरा नाही."

"तेरा वर्षांची असायला हवी."

"गेली असेल हो बिचारी. तेव्हा जगत कुठे होती मुलं." वहिनींनी आणखी काही दाबलं, सगळे रकाने पुढे आले. "इथे आईला विचारलंय, मुलं किती झाली आणि हयात किती. झालेली सहा. हयात सहा."

"घरात पाच."

"घरात पाच."

मरण नव्हतं ते. जिवंत मुलगी घरातून नाहीशी झाली होती, आणि डेक्लनने हे मला सांगितलं नव्हतं.

परत येताना टॅक्सीत मी अश्विनीला सगळं सांगितलं. वहिनींच्या फोनचंही. तिला राग आला असावा, ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एका इमारतीवर दिव्यांचा मोठा फुटबॉल चढवत होते.

"मुलगी कुठे गेली ते कळल्याशिवाय मी दादाला हो म्हणून सांगणार नाही," मी म्हटलं. "ज्या घरातून मुलगी अशी पुसली जाते, त्या घरात मी तुला द्यायची?"

"आत्या," ती बाहेर बघतच म्हणाली, "बाबांचं रेशनकार्ड आज कुणी वाचलं तर त्यालाही वाटेल, या घरात दोनच मुली."

तिचं नाव माझ्या रेशनकार्डावर आहे. नात्याच्या रकान्यात भाची लिहिलंय.

घरी आल्यावर तिनेच लॅपटॉप उघडला. या वेळी वाडी न टाकता नुसतं नोरा, तेच आडनाव, तेच वय. क्लेअरमध्ये कितीतरी नोरा निघाल्या. कुणी मोलकरीण, कुणी शाळेत. एक नोरा, वय तेरा, शेजारच्या डोंगरापलीकडच्या वाडीत निघाली. घरात नवरा-बायको आणि ती, तिघंच. मुलं झालेली, शून्य. नोराच्या नावापुढे नातं लिहिलं होतं, भाची.

अश्विनीने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

"हीच कशावरून?" मी म्हटलं. "एकच गोष्ट जुळली. त्यांच्यात नोरा पुष्कळ असतात."

तिने डेक्लनला फोन केला. त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, शुक्रवारी समैस्माला या, आईला फोन लावून विचारू.

समैस्मा

समैस्मा दोह्याच्या उत्तरेला, समुद्रावरचं गाव. बंगले, खुजी खजुरीची झाडं आणि पलीकडे समुद्र, इतका उथळ की वाटतं चालत इराणला जावं. डेक्लन तिथे एका बंगल्याच्या मागच्या भागात भाड्याने राहायचा, कारण त्याचं स्टेडियम त्या बाजूला होतं. शिंदे आम्हाला सोडायला आले आणि सुट्टी असूनही थांबले. म्हणाले, "मावशी, निकाल ऐकूनच जातो." बंगल्यासमोर गाडीतच बसून राहिले.

थंडी होती, वारा होता. मी पाण्यात पाय बुडवायला गेले, नऊवारी असती तर बरं झालं असतं, पाचवारी गुडघ्यापर्यंत भिजली. काठावर काढून ठेवलेल्या चपलांपैकी एक पाण्याने उचलली. डेक्लन पँटसकट आत शिरला आणि आणून दिली. मी "धन्यवाद" म्हटलं, तर तो म्हणाला, "काही नाही, आत्या." हे शब्द त्याला अश्विनीने शिकवले असणार. पण चप्पल वाहून जाणार आहे हे काही तिने सांगितलं नव्हतं.

मग बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. थर्मासमध्ये करक चहा होता, वेलची घातलेला, टपरीवरून आणलेला. डेक्लनने फोन थर्मासला टेकवून उभा केला. त्याची आई दिसली. माझ्याच वयाची, जाड स्वेटर, चष्मा नाकावर, मागे भांडी लावलेलं कपाट. वडील गोठ्यात गाईंकडे होते. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. ओल्या साडीबद्दल काहीतरी विचारलं. मुलाने आत्याला थंडीत पाण्यात का जाऊ दिलं, असं.

डेक्लनने नोराचं विचारलं. किती दिवस आम्ही शोधतोय, कुठे काय सापडलं, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग मुलाला इंग्रजीत असं काही बोलली की त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाली?"

अश्विनी हसू दाबत म्हणाली, "म्हणाली, मला का नाही विचारलंस?"

मला ती बाई तिथेच अर्धी पटली. पण पुढचं ऐकायचं होतं. नोरा तीच. पॅट्रिकच्या बहिणीला मूल नव्हतं, म्हणून नोराला डोंगरापलीकडे तिच्याकडे दिली. तिकडे तशी पद्धत होती. रविवारी चर्चमध्ये नोरा एका बाकावर बसायची, सख्खी भावंडं दुसऱ्या बाकावर. आत्याची शेतीही पुढे तिलाच मिळाली. डेक्लनच्या आईला हे तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि सासूने म्हाताऱ्या नोराला पाहिलं होतं.

"सुखी होती का?" मी विचारलं.

"सासूला ठाऊक नव्हतं," अश्विनीने भाषांतर केलं. "कुणी तिला विचारलंच नाही."

मी मान हलवली. मला वाटलं, झालं. पण ती बाई चष्मा वर सरकवून पुढे झुकली. आता ती माझ्याशी बोलत होती.

"काय म्हणतात?"

"विचारतायत," अश्विनी म्हणाली, आणि तिने जसं आलं तसं कोरडं सांगितलं, "की ही मुलगी तुमच्याकडे का वाढली. आईबाप जिवंत असून. तिला दिली का? तिच्यात काही दोष होता, की त्यांच्यात?"

म्हणजे तीही चौकशी करत होती. आमच्याकडची जनगणना कुठल्या वेबसाइटवर नाही, तर ती मलाच विचारत होती, समोरासमोर, आणि मधे दुभाषी म्हणून जिच्याबद्दल विचारायचं तीच पोरगी. अश्विनीने मला हे कधी विचारलं नव्हतं. न विचारलेलं आपण होऊन सांगायची आमच्या घरात रीत नाही. पण तिला काय वाटत असणार, हे मला आता कळलं. तिसरी मुलगी म्हणून नको झाली, आणि बहिणीच्या पदरात टाकली. गल्लीतही सगळ्यांना तसंच वाटतं.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "बारशाला मी गेले होते. नाव ठेवायचा मान आत्याचा. तुझ्या कानात मीच नाव सांगितलं. आणि तेव्हाच दादाला म्हटलं, ही मला दे. दादा नाही म्हणाला. तुझी आई तर माझ्याशी बोलायची बंद झाली. मी परत परत गेले. मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मी मागत राहिले, आणि शेवटी दादाला माझी दया आली. कुणी टाकली नाही तुला. मी मागून घेतली."

डेक्लनची आई वाट पाहत होती. डेक्लन अश्विनीकडे बघत होता. वाऱ्याने फोन आडवा पडला, त्याने तो पुन्हा उभा केला.

मग अश्विनी इंग्रजीत इतकंच म्हणाली, "शी आस्क्ड फॉर मी."

एवढं इंग्रजी मलाही समजतं.

त्या बाईने चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग काहीतरी म्हणाली.

"म्हणतायत, असं सगळ्याच आत्या म्हणतात."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवरचं ओझं खाली उतरलं. इतके दिवस मला खजूर देणारी, बूट काढणारी, इन्शाल्ला म्हणणारी गोड माणसं भेटत होती, आणि मी कुणाचंच काही खरं धरत नव्हते. या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा माझा तिच्यावर बसला. पोरगी कुठून येते, कुणाच्या हातची आहे, हे ती नीट बघून घेत होती. ज्या घरात सुनेबद्दल कुणी काही विचारत नाही, त्या घराची मला जास्त भीती वाटते.

"सांग त्यांना, खरं आहे. सगळ्याच म्हणतात," मी म्हटलं. "आणि विचार, लग्नाला मला तिकडे बोलावणार का, की नोरासारखं दुसऱ्या बाकावर बसवणार."

हे अश्विनीने भाषांतर केलं तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी, म्हणजे तुमच्यावर लक्ष ठेवता येईल.

फोन बंद झाल्यावर मी दादाला लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"काय मग?"

"हो म्हण."

"नीट बघितलंस ना? घराणं?"

"वयं वाढवून सांगतात. बाकी ठीक."

त्याचा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "अश्विनी जवळ आहे का?"

ती फोन घेऊन पाण्याच्या कडेने चालत गेली. लांब गेली. वाऱ्यामुळे काही ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा हात हलताना दिसत होता. डेक्लनने मला चहा ओतून दिला. आम्हाला दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून आम्ही दोघे तिच्याकडेच बघत बसलो. ती बराच वेळ बोलली. मला शंका आली, ही नक्की काय विचारतेय.

परत आली तेव्हा तिचे पाय वाळूने माखले होते, नाक लाल झालं होतं. माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, आई तुला दार उघडत नव्हती. तू बाहेरच्या ओट्यावर बसून राहायचीस. एकदा दिवसभर." तिने माझ्या पदराचं कोरडं टोक ओढून आपल्या कानांभोवती घेतलं. "मग आईनंच एक दिवस मला आणून तुझ्या मांडीवर ठेवलं, आणि म्हणाली, घे, पण रोज दाखवायला आण."

"आणत होते," मी म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं. "म्हणजे तू माझी चौकशी केलीस?"

"मग?" ती समुद्राकडे बघत म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून लगेच खरं मानायचं?"